न जमलेला खरवस

“मला काही आठवत नाही,” नाबर सर म्हणाले आणि संत्रं सोलायला लागले.

सकाळपासून त्यांचं हेच चाललं होतं. मी त्यांच्या ओसरीवर बाजेच्या कडेला बसले होते, बाहेर मार्चचं ऊन रखरखत होतं, आणि माझ्या मांडीवर संत्र्यांच्या सालींचा ढीग जमला होता. काही विचारलं की ते एक संत्रं सोलून माझ्या हातात द्यायचे.

“सर, वीस-बावीस वर्षं तुम्ही तेच एक काम केलंत. आठवत नाही कसं?”

“निवृत्त होताना मला सांगण्यात आलं, सगळं विसरा. मी शिस्तीचा माणूस आहे. विसरलो.” त्यांनी फोड पुढे केली. “खा. गोड आहे.”

माणूस साफ खोटं बोलत होता. आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे त्यांचे कान लालबुंद झाले होते.

आता मी कोण आणि तिथे कशाला गेले होते, ते सांगते. मी पद्मजा शेजवलकर. तेव्हा तिशी नुकतीच उलटली होती. रसायनाची इंजिनिअर. ज्या संस्थेत होते तिचं नाव मी तेव्हाही कुणाला सांगत नव्हते, आताही सांगणार नाही. आम्ही अणुबॉम्ब बनवायचो. म्हणजे त्याचा एक लहानसा भाग बनवायचो, आणि बाकीच्या भागांचं काय चाललंय याचा आम्हाला पत्ता नसायचा. शेजारच्या खोलीतल्या माणसाला ‘काय करतोयस रे’ म्हणून विचारायचं नाही, ही तिथली रीत. मला तर लहानपणापासून चांभारचौकशांची खोड. माझी नेमणूक ज्यानं तिथे केली त्याची कमालच म्हणायची.

आमच्या वाट्याला आलेला भाग म्हणजे एक पांढरा, जाळीदार भराव. परातीत ओतायचा, हळूहळू घट्ट होऊ द्यायचा आणि वड्या पाडायच्या. दिसायला हुबेहूब खरवस, म्हणून सगळे त्याला खरवसच म्हणायचे. बॉम्बच्या आत दोन भागांमधल्या पोकळीत तो बसतो, एवढंच आम्हाला माहीत. तिथे बसून तो काय करतो, हे विचारायचं नाही. त्याला तडा जाता कामा नये, एवढं बघायचं.

नाबर सरांच्या काळात तो जमला होता. समुद्राकाठच्या एका पत्र्याच्या शेडमध्ये ते आणि त्यांची दोन-चार माणसं तो करायची. मग ती माणसं एकेक करून वारली, सर निवृत्त झाले, शेड आतल्या सामानासकट मोडीत काढली आणि आत पठारावर नवा कारखाना उभा राहिला. काचेच्या खोल्या काय, परदेशी यंत्रं काय, पायांत कापडी मोजे घातल्याशिवाय प्रवेश नाही! जुन्या कागदांत लिहिलेली कृती आम्ही अक्षरशः पाळली. खरवस तडकला. पुन्हा केला, पुन्हा तडकला. दीड वर्षात देतो म्हणून हातात घेतलेलं काम पाचव्या वर्षात गेलं आणि मंजूर रकमेच्या चौपट पैसा त्यात गेला. दर बैठकीत तारीख पुढे सरकायची आणि आकडा वर चढायचा. आमचा खरवस अडला म्हणून पुढच्या सगळ्यांचं घोडं अडलेलं. ती माणसं हातावर हात ठेवून बसलेली, पण त्यांचे पगार, वीज, पहारा चालूच. म्हणजे काही न करण्याचाही खर्च वाढतच होता.

शेवटी चौकशी समिती बसली. समितीच्या अध्यक्षांना एक भलतंच सोयीचं उत्तर सुचलं. म्हणे, हा पदार्थ पूर्वी कधी नीट बनलाच नव्हता. नाबरांनी चाचण्यांचे आकडे मनाने भरले. असं ठरलं की नव्या लोकांवरचा ठपका जातो आणि दहा वर्षांचा ताजा प्रकल्प मागायला वाट मोकळी होते. जुन्या खरवसाचा एक तुकडा दाखवला असता तर हे तिथल्या तिथे खोडता आलं असतं. पण तो कधीच सीलबंद पेट्यांमध्ये गेला होता, आणि त्या पेट्या कुठे आहेत हे विचारायची परवानगी मागायलाही परवानगी नव्हती.

आमचे साहेब, डॉ. बोरवणकर, नाबर सरांच्या हाताखाली तयार झालेले, पण त्या शेडमध्ये पाऊल टाकायची त्यांनाही कधी परवानगी नव्हती. त्यांनी मला बोलावून घेतलं. “पद्मजा, तू जा हिंगणघाटकडे. समिती पुढच्या आठवड्यात बसतेय. जुना खरवस कसा जमला एवढं कळलं तरी पुरे. नाहीतर या माणसाला लबाड ठरवून मोकळे होतील गं. हयात घालवली त्यांनी त्यात.”

म्हणून मी त्या ओसरीवर होते. आणि सर संत्री सोलत होते.

मी शेवटी आडवळण सोडलं. “सर, ते तुम्हाला खोटे ठरवताहेत. तुम्ही आकडे बनवले म्हणतात.”

हा माणूस किती कडक होता ते मला ठाऊक होतं. आम्ही शिकाऊ असताना ते व्याख्यानं द्यायला येत. दशांश चिन्ह एक घर चुकलं तर वही खिडकीतून बाहेर भिरकावायचे. मला वाटलं, आता उसळतील.

त्यांनी फोडीवरची शीर काढली आणि म्हणाले, “म्हणू देत.”

“अहो, सर!”

“म्हणू देत गं. आता या वयात मला कोण विचारतंय?”

मला राग तर आलाच, पण त्याहून जास्त कुतूहल वाटलं. ज्याला एका चिन्हाची चूक सहन होत नाही, तो स्वतःच्या नावाला काळं फासू द्यायला तयार होतो, तेव्हा पाणी कुठेतरी मुरतंय. ते शोधल्याशिवाय मी तिथून हलणारच नव्हते.

तेवढ्यात काकू आल्या. कृष्णाताई नाबर. जाडीभरडी खादीची साडी, पायात चामड्याच्या वहाणा, आणि कडेवर कुणाचंतरी शेंबडं पोर. त्यांचे वडील भूदानात होते. मुलीला घेऊन गावोगाव पायी हिंडलेले. हे गाव काकूंचं माहेर. सर निवृत्त झाल्यावर दोघं इथेच येऊन राहिले आणि काकूंनी गावात बालवाडी काढली.

“काय हो, पोरीला संत्र्यांवरच ठेवलंय का सकाळपासून?” त्यांनी पोर खाली ठेवलं. “ये गं आत. गोरसपाकची बिस्किटं आहेत, चहा टाकते. आणि आज जायचं नाही. इतक्या लांबून आलीस, चार घास खाऊन, झोपून, उद्या जा.”

सर म्हणाले, “तिला काम असेल.”

“कामच करायला आली आहे ना ती? मग काम झालंय का?”

“नाही झालं,” मी म्हटलं.

“मग राहा,” काकू म्हणाल्या. संपला विषय.

संध्याकाळी मी स्वयंपाकघरात त्यांना मदत करायला बसले. मदत म्हणजे काय, त्यांनी मला लसूण सोलायला दिला आणि आपण भाकऱ्या थापत बोलत राहिल्या. सर मागच्या अंगणात झाडांना पाणी घालत होते.

“तूपण बियाण्यातलीच का गं?”

“अं?”

“ह्यांच्या ऑफिसातली ना तू? मग बियाण्यातलीच. भुईमूग, तूर… किरण सोडून सुधारतात म्हणे ती.”

किरण सोडून बियाणं सुधारायचं काम खरंच व्हायचं, आमच्याच खात्यातल्या कुठल्याशा दुसऱ्या इमारतीत. तिथली माणसं घरी उजळ माथ्यानं सांगू शकत, आम्ही काय करतो ते.

“हो,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

“ह्यांना विचारलं तर तोंडातून शब्द नाही काढत. सरकारी गुपित! आता बियाण्यात कसलं आलं बाप्पा गुपित? पण माझाही हात लागलाय हो त्या कामाला.” भाकरी उलटता उलटता त्या माझ्याकडे बघून हसल्या. “ह्यांना पोती कोण शिवून द्यायचं? मीच की.”

“पोती?”

“बीज रुजवायला नाही का ओलं गोणपाट टाकत? तसली. पण चांगली खाटेएवढी, दुपदरी, दाभणानं टाके घालून. पहिल्यांदा हे म्हणाले, साधी दोन पोती जोडून दे. दिली. तर दुसऱ्या दिवशी तोंड पाडून आले, लगेच वाळतात म्हणाले. मग मी माझं डोकं चालवलं. आत एक थर भरला. काय भरला ते ह्यांनाही माहीत नाही अजून! दर उन्हाळ्यात माहेरी आले की गाठोडं बांधून न्यायची. संध्याकाळी भिजवलेलं पोतं सकाळी हात लावला तरी थंडगार.”

माझ्या हातातली लसणाची पाकळी तशीच राहिली. आमच्या खरवसाचं सगळं दुखणं वाळण्यात होतं. आतून आणि बाहेरून सारखा वाळला नाही की तडकतो. त्यासाठी खोलीतली हवा दमट ठेवायला आमच्याकडे परदेशी यंत्र होतं, आणि जुन्या नोंदींमध्ये सरांचंही यंत्रच लिहिलेलं होतं, रोजच्या रोज, सहीनिशी.

मी मान वर केली तर मागच्या दारात सर उभे. हातात झारी. त्यांनी ऐकलं होतं, आणि मला कळलं हेही त्यांना कळलं होतं.

“चल जरा,” ते मला म्हणाले. “कॅनॉलपर्यंत जाऊन येऊ.”

“भाकऱ्या गार होतील,” काकू म्हणाल्या.

“आलोच.”

कॅनॉलच्या बांधावर ते भराभर चालत होते. थोडं पुढे गेल्यावर आपणहून बोलायला लागले, आणि बोलायला लागले तसे आमचे जुने सर परत आले. हातवारे, डोळ्यांत चमक, सगळं.

“यंत्र दुसऱ्याच महिन्यात बंद पडलं. कंपनीचा मेकॅनिक आणायचा तर आधी त्याच्या सात पिढ्यांची चौकशी. त्याचा मावसभाऊ कुठल्या पक्षात आहे, इथपासून. वर्ष गेलं असतं. मी म्हटलं, मरू दे यंत्र. घरून पोती नेली, भिजवली, परातींवर टाकली. आणि काय सांगू तुला, यंत्रापेक्षा सरस जमला! नुसतं लोणी!”

“आणि नोंदीत?”

“नोंदीत यंत्र चालू. पोतं लिहिलं असतं तर मला आधी बाहेर काढलं असतं, आणि मग पोत्याची चौकशी लावली असती. हे कुठून आलं, कुणी शिवलं, तिचा बाप कोण.”

मला हसूच आवरेना. पाच वर्षं, त्या काचेच्या खोल्या, ती यंत्रं, तो पैसा! आणि आम्ही सगळे शिकलेसवरलेले लोक एका बंद पडलेल्या यंत्राची नक्कल करत होतो. कारण खरं लिहायची त्या ठिकाणी कुणाची छाती नव्हती.

“सर, मग झालं की! हे सांगितलं की तुम्ही सुटलात. नोंद चुकीची लिहिली म्हणून दोन शब्द ऐकून घ्यावे लागतील फार तर. लबाड तर कुणी म्हणणार नाही.”

ते पाण्याकडे बघत राहिले. “पोत्यांचं सांग तू. पण कृष्णाला यात आणू नकोस.”

मला वाटलं, बायकोमागे चौकशीचा ससेमिरा लागेल म्हणून घाबरताहेत. मी म्हटलं, नाही आणणार. माझा तो शब्द दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही टिकला नाही.

गावात फोन एकच, किराणा दुकानात. सकाळी मी तिथून साहेबांना फोन लावला. उघड बोलायची सोय नव्हतीच.

“साहेब, खरवसाची कृती मिळाली. वरून ओलं गोणपाट टाकायचं.”

साहेब म्हणाले, “अगं, ते करून झालंय. तू आमच्याकडे कामाला यायच्या आधी एकानं सुचवलं होतं. गोणपाट वाळतं आणि खरवस फाटतो.”

“यांचं वाळत नसे. आत काहीतरी घातलेलं असायचं.”

“काय घातलेलं?”

“सरांनाच माहीत नाही. काकू शिवायच्या.”

“मग शिवून घे!” साहेब केवढ्यांदा ओरडले! “एक शिवून घे आणि आजच्या गाडीनं निघ. समितीच्या डोळ्यांदेखत लावून दाखवू. तुकडा जमला की अध्यक्षांचं तोंड बंद. पद्मजा, सर वाचतील गं.”

मी फोन ठेवला. दुकानदार साखर जोखत होता. तो म्हणाला, “बाई, खरवसाले चीक लागते. पोतं काऊन टाकता?”

मी जवळजवळ पळतच घरी आले. सर अंघोळीला गेलेले. रविवार, त्यामुळे काकू घरात.

“काकू, मला तसलं एक पोतं शिवून द्याल? आमच्याकडे कुणालाच जमत नाही.”

त्यांचा चेहरा असा काही फुलला! एवढी वर्षं घरातल्या घरात राहिलेली त्यांची करामत कुणीतरी मुंबईकडून येऊन मागत होतं.

“बघ, मी ह्यांना म्हणत नव्हते? दोन पोती आण पडवीतून. सुतळी त्या खिळ्याला आहे. मी दाभण काढते. आतलं सामान माझ्या खोलीत आहे. तुला दाखवते, पण ह्यांना बाहेर काढल्यावर हं. एवढी वर्षं गुपित ठेवलंय, असंच सांगून टाकू की काय!”

सर टॉवेल खांद्यावर टाकून आले तेव्हा काकूंनी पोती जमिनीवर पसरली होती आणि दाभणात सुतळी ओवत होत्या.

“तुम्ही जा हो बाहेर. हे आमचं बियाण्यातल्या बायकांचं काम आहे.”

सर जागचे हलले नाहीत. ते माझ्याकडेही बघत नव्हते. काकूंच्या हातांकडे बघत होते.

“आता कुठलं बियाणं आहे गं?” काकूंनी मला विचारलं. “तूर असेल तर थर जरा पातळ घालते. भुईमुगाला जाड लागतो.”

मी तोंड उघडलं. ‘भुईमूग’ म्हटलं की झालं असतं. पोतं शिवून झालं असतं, दुपारची गाडी मिळाली असती, सरांचं नाव धुऊन निघालं असतं.

“कृष्णा, थांब,” सर म्हणाले. “ते बियाणं नव्हतं.”

“मग काय होतं?”

“बॉम्ब.”

“काहीतरीच.”

“अणुबॉम्ब. त्याच्या आतला एक पदार्थ. तो तुझ्या पोत्यांखाली वाळायचा.”

काकूंनी हसून माझ्याकडे पाहिलं, थट्टेत सामील हो म्हणून. मला वर बघवेना. मग त्यांचं हसू गेलं.

बाहेर कुणाची तरी बैलगाडी गेली. काकूंच्या हातात दाभण तसंच होतं.

“सगळी वर्षं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“दर वर्षी विचारायची मी. औंदा बियाणं कसं झालं? आणि तुम्ही म्हणायचे, छान झालं.” त्यांचा आवाज चढला नव्हता. “बालवाडीतल्या पोरांना सांगते हो मी! तुमच्या वावरातल्या भुईमुगाला माझ्या हातचं पोतं लागलंय म्हणून सांगते!”

“कृष्णा, ते गुपित होतं. शपथ घेतलेली—”

“सरकारचं राहू द्या. मला का नाही सांगितलं?”

सर उभे होते ते बाजेवर बसले. “सांगितलं असतं तर तू शिवली नसतीस.”

“नसतीच शिवली.”

“म्हणून.”

अस्सं! आदल्या दिवसापासून मी डोकं खाजवत होते, की हा माणूस स्वतःला वाचवत का नाही. खोट्या नोंदीची भीती नाही, पेन्शनची नाही, शपथेचीसुद्धा नाही. ती पोती बाहेर आली की ही गोष्ट बाहेर येणार होती, एवढंच होतं ते. आणि शेवटी ती त्यांनी स्वतःच्या तोंडानं बाहेर काढली.

काकूंनी दाभणातून सुतळी ओढून काढली. ती गुंडाळली. पोत्यांच्या घड्या घातल्या, नीट, काठाला काठ जुळवून. मग माझ्याकडे वळल्या.

“पोरी, मी नाही शिवणार. आत काय घालते तेही नाही सांगणार. तू रागावू नको. तुझी नोकरी जाईल का?”

“नाही.”

“जाणार असती तरी शिवलं नसतं. वाईट मात्र वाटलं असतं.”

मला राहवलं नाही. सरांनी खूण केली तरी मी बोललेच. “माझं सोडा काकू, सरांचं काय? ते लोक लिहिणार आहेत की सरांनी काही बनवलंच नव्हतं, नुसते खोटे आकडे दाखवले. आयुष्यभराचं काम पुसलं जाईल. एक पोतं मिळालं तर ते थांबेल. नाहीतर आमचं काम आणखी किती वर्षं रखडेल आणि त्यात किती पैसा जाईल, ते तर वेगळंच.”

काकू विचारात पडल्या. त्यांनी एकदा सरांकडे पाहिलं. सर मान खाली घालून टॉवेलचा काठ चुरगाळत होते.

“म्हणजे कागदावर असं लिहिणार, की ह्यांनी तसलं काही कधी केलंच नाही?”

“हो ना!”

“मग लिहू देत की,” काकू म्हणाल्या. “मला तेवढंच हवंय.”

आणि पोती उचलून आत गेल्या.

दुपारच्या गाडीला सर मला सोडायला आले. रिकाम्या हातानं निघालेली मी चिडलेही होते. म्हटलं, “सर, थोडा वेळ गप्प राहिला असतात तर सगळं निभावलं असतं.”

“एकदा फसवून शिवून घेतली होती,” ते म्हणाले. “ती परत सुतळी ओवायला लागली, आणि माझ्यानं झालं नाही गं.”

समितीसमोर मी ओल्या गोणपाटाचं सांगितलं. अध्यक्षांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. बोरवणकर साहेबांनी पोटतिडकीनं बाजू मांडली. साधी पोती लावून पाहिली, खरवस फाटला, अध्यक्ष खूश झाले. आम्ही पुढे आत काथ्या घातला, सरकी घातली, घोंगडीचे तुकडे घातले. एकदा तर वाळ्याच्या मुळ्या घातल्या. काही जमलं नाही. काकू काय घालायच्या ते मला आजतागायत कळलेलं नाही, आणि खरं सांगते, अजून कधी कधी मी भाजी चिरता चिरता त्याचाच विचार करते. दहा वर्षांचा नवा प्रकल्प मंजूर झाला, मग त्याचीही मुदत वाढली, आकडाही वाढला. का वाढला असं वर्तमानपत्रवाले विचारत, तेव्हा तांत्रिक अडचणी असं उत्तर मिळे.

पण ते नंतरचं. समितीचा निकाल झाल्यावर महिनाभरानं मला नागपूरला जायचं काम निघालं, तशी मी वाट वाकडी करून त्या गावी उतरले. सर ओसरीवर एकटेच होते. वाळले होते.

“बोलत नाही माझ्याशी,” ते हळूच म्हणाले. “त्या दिवसापासून. ताट वाढून झाकून ठेवते आणि बालवाडीत निघून जाते.”

काकू आत होत्या. मला पाहून बाहेर आल्या, पाणी दिलं, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहिल्या.

“लागला का निकाल?”

“लागला.”

“काय लिहिलं?”

अहवाल इंग्रजीत होता, गुप्त होता. मी मराठीत करून सांगितलं. “असा पदार्थ संस्थेत पूर्वी कधीही तयार झालेला नव्हता.”

“आणि हे? ह्यांनी काही म्हटलं नाही?”

“सरांना बोलावलं होतं त्यांनी, म्हणणं मांडायला. सर गेले नाहीत. खाली ‘मान्य’ लिहून सही करून पाठवली.”

सरांनी काकूंना हे सांगितलं नव्हतं. ते अंगणातल्या संत्र्याच्या झाडाकडे बघत राहिले, आणि त्यांचे कान पुन्हा लाल झाले.

“ह्यांनी सही केली?”

“हो.”

“परत सांग. काय आहे त्याच्यात?”

“कधीही तयार झालेला नव्हता.”

काकूंनी पदरानं तोंड पुसलं. मग आत वळता वळता म्हणाल्या, “चला, पानं घेते. हात धुऊन या दोघंही.”